टीएसआयवर निगेटिव्ह, पट्टीवर काळा: जिवाणू आपल्यातला गंधक मोजतो तरी कसा?

अमळनेर तालुक्यातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "गावच्या विहिरीच्या पाण्याची एचटूएस बाटली एका रात्रीत काळी झाली. त्याच पाण्यातला ई. कोलाय वेगळा करून टीएसआयवर लावला, तर काळं टिपूसही नाही. सर म्हणतात, ई. कोलाय एचटूएस निगेटिव्हच असतो. पण सेमिनारसाठी घेतलेल्या पेपरात लिहिलंय की ई. कोलाय हायड्रोजन सल्फाइड बनवतो आणि त्याच्या जोरावर अँटिबायोटिकला तोंड देतो. यातलं खरं काय? आणि हा वायू विषारी, तर किती झाला की पुरे, हे जिवाणूला कळतं कसं?"

ताई, तुमचे सर, तो पेपर आणि ती बाटली, तिघांचंही खरं आहे. तिघे वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत, घोळ तिथे आहे. जळगाव जिल्ह्यात मी आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि नंतर कॉलेजात मिळून पंचवीस वर्षं हेच काम करते आहे. दरवर्षी एका तरी बॅचमध्ये हा गोंधळ होतोच, कारण 'एचटूएस पॉझिटिव्ह', म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू सोडणारा, हा त्या जिवाणूचा जन्मजात गुण असल्यासारखं आपण शिकवतो. खरं तर त्याला काय खायला दिलं, हवा किती होती आणि आपण वायू कशाने पकडला, यावर ते उत्तर ठरतं.

आधी टीएसआय, म्हणजे जिवाणू ओळखायला नळीत लावतात ते ट्रिपल शुगर आयर्न आगर. त्या माध्यमात गंधकाचा मुख्य पुरवठा थायोसल्फेटच्या रूपात असतो आणि वायू पकडायला लोहाचा क्षार असतो. साल्मोनेलाकडे थायोसल्फेट फोडणारं एन्झाइम आहे. ते भरपूर हायड्रोजन सल्फाइड सोडतं, लोहाशी त्याचा काळा आयर्न सल्फाइड होतो आणि बट, म्हणजे नळीच्या तळाचं आगर, काळं पडतं. ई. कोलायकडे ते एन्झाइम नाही. म्हणून तुमची नळी पिवळी राहिली, गॅसने आगर वर उचललं गेलं, पण काळं काही दिसलं नाही. टीएसआयने उत्तर दिलं ते 'थायोसल्फेटपासून, लोहाला दिसेल इतका वायू निघतो का' या प्रश्नाचं. निदानासाठी तेवढं पुरतं, म्हणून ती चाचणी टिकून आहे.

बाटली पाण्यात विष्ठा मिसळली आहे का ते बघायची, तिचं गणित याच्याच जवळचं आहे. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही साधी चाचणी मांडली, ती भारतातच. कागदाच्या घडीत पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार जिरवलेला असतो. विष्ठेतून पाण्यात येणारे सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला, क्लोस्ट्रिडियम असे सोबती ती काळी करतात. म्हणजे बाटली काळी केली दुसऱ्यांनी आणि तुम्ही वेगळा काढला ई. कोलाय. दोघे एकाच वाटेने विहिरीत उतरलेले असतात, एवढाच त्यांचा संबंध. उन्हाळ्यात रावेरकडच्या एका गावात पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या दादांनी अशीच बाटली माझ्यासमोर धरून विचारलं होतं, "ताई, हाई काळं कसं व्हयनं?" त्यांना दिलेलं उत्तर शेवटी सांगते, कारण तुमच्या गावालाही ते लागणार आहे.

आता पेपर. ई. कोलाय वायू बनवतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. साध्या ब्रॉथमध्ये थोडं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) घाला, ई. कोलाय लावा आणि लेड ॲसिटेटमध्ये भिजवून वाळवलेली फिल्टर पेपरची पट्टी नळीच्या तोंडाशी कापसात अडकवा. पट्टी द्रवाला टेकू देऊ नका. काही तासांनी पट्टीची खालची कड आधी चहाच्या डागासारखी तपकिरी होते. मग तो रंग वर चढत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा भाग पेन्सिलीच्या शिशासारखा करडा-काळा चकाकतो. जिवाणू न घातलेल्या नळीवरची पट्टी शेजारी ठेवा, नाहीतर नुसत्या सिस्टीनमुळे आलेली फिकट छटाही तुम्ही जिवाणूच्या नावावर लिहाल. आणि हातमोजे घाला, शिसं आहे ते.

हा वायू सिस्टीनमधून येतो. ई. कोलायकडे सिस्टीन फोडू शकणारी एन्झाइम्स अनेक आहेत. त्यात एक तुमच्या ओळखीचं आहे: इंडोल चाचणीतलं ट्रिप्टोफेनेज. ट्रिप्टोफॅनपासून इंडोल काढणारं हेच एन्झाइम सिस्टीन मिळालं तर त्यातून हायड्रोजन सल्फाइडही सोडतं. पेपरात ज्याचं नाव आहे ते थ्री-एमएसटी (मर्कॅप्टोपायरुवेट सल्फरट्रान्सफरेज) हे आणखी एक. कोणत्या वेळी कोणाचा वाटा मोठा, हे माध्यमात सिस्टीन किती आणि हवा किती यावर अवलंबून असतं. त्यामुळे 'ई. कोलायमध्ये एचटूएस अमुक एन्झाइमच बनवतं' असं सेमिनारमध्ये ठासून सांगू नका.

आता तुमच्या प्रश्नाचा मला सर्वांत आवडलेला भाग: पुरे कधी, हे त्याला कळतं कसं?

विषारीपणा कुठे आहे ते आधी बघू. ऑक्सिजनवर श्वास घेणाऱ्या पेशीत शेवटच्या टप्प्यावर जे ऑक्सिडेज असतं, त्याच्या हीम आणि तांब्याच्या जागी सल्फाइड जाऊन बसतो आणि श्वास अडतो. गोबरगॅसच्या किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरलेली माणसं दगावतात त्यामागे हे एक मोठं कारण. कुजक्या अंड्याचा वास आपल्या नाकाला अगदी थोडक्यातही येतो, पण दर दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजून माणूस आत पाऊल टाकतो. अशा खड्ड्यात कोणालाही असं उतरू देऊ नका, हे मी दर बॅचला सांगते.

जिवाणूला नाक नाही. त्याच्याकडे जे आहे ते बधिर होणारं नाही, कारण तो वायूला हुंगतच नाही. वायूने पेशीत जो फरक घडवलेला असतो तो तो वाचतो. हे समजायला थोडं रसायन लागेल. हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक पूर्ण क्षपित असतो आणि सिस्टीनच्या टोकाचा गंधकही तसाच. दोघांकडे इलेक्ट्रॉन भरलेले, त्यामुळे एकमेकांशी त्यांचं थेट जुळत नाही. एकाचं तरी थोडं ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणं, व्हावं लागतं. पेशीत ते काम एसक्यूआर (सल्फाइड-क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज) नावाचं एन्झाइम करतं. ते सल्फाइडचे इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीतल्या क्विनोनला देतं आणि गंधकाचा अणू ग्लुटाथायोनसारख्या रेणूच्या गंधकावर चढवतं. गंधकावर गंधक बसला की त्याला पर्सल्फाइड म्हणतात. आणखी अणू जोडत गेले की पॉलिसल्फाइड. हा वर बसलेला जास्तीचा अणू फार चळवळ्या असतो. समोर दुसरं सिस्टीन दिसलं की त्यावर उडी मारतो. पेशीतली मापक प्रथिनं याच अणूला ओळखतात. म्हणून 'जिवाणू एचटूएस ओळखतो' यापेक्षा 'जिवाणू पर्सल्फाइड ओळखतो' हे वाक्य जास्त नेमकं आहे.

मापक कसा चालतो, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जांभळ्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूत आहे. त्यातलं एसक्यूआरआर हे प्रथिन २०१७ साली उजेडात आलं. ते एरवी डीएनएवर बसून गंधक हाताळणारी जनुकं बंद ठेवतं. त्याच्यात दोन सिस्टीन महत्त्वाची, ४१व्या आणि १०७व्या जागेवरची. पर्सल्फाइड वाढलं की या दोघांच्या मध्ये गंधकाचा पूल तयार होतो: दोन अणू सिस्टीनचे स्वतःचे आणि मध्ये दोन बाहेरून आलेले, असे चार. पूल झाला की प्रथिनाची ठेवण बदलते, डीएनएवरची पकड सुटते आणि जनुकं चालू होतात. सल्फाइड दिल्यावर या जिवाणूत ज्या जनुकांचं काम बदलतं, त्यांतल्या जवळपास निम्म्यांवर या एकट्या प्रथिनाचा ताबा असल्याचं दिसलं.

आता गंमत बघा. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडही असतो आणि तोही सिस्टीनना जोडू शकतो. मग पेरॉक्साइड आला काय आणि गंधक आला काय, मापक दोन्हीला फसायला नको का? एसक्यूआरआर फसत नाही. वर्गात मी हे वाड्याच्या जुन्या दाराने समजावते. दाराची साखळी आणि चौकटीवरचा कोयंडा यांत ठरावीक अंतर असतं. साखळीला चार कड्या असतील तरच ती कोयंड्यापर्यंत पोचते. दोनच कड्या असतील तर दार ओढून-ताणूनही कडी लागत नाही. पेरॉक्साइड बाहेरून कडी आणत नाही, तो फक्त असलेल्या दोन कड्या एकमेकींत अडकवू पाहतो. या प्रथिनात त्या दोन सिस्टीनची जागा अशी आहे की नुसत्या दोन अणूंच्या बंधाला प्रथिनावर ताण सोसावा लागतो, म्हणून तो बंध होत नाही. जास्तीचे अणू मध्ये आले की पूल आरामात बसतो. मोजणी अंतराची आहे. एवढं नाजूक काम दोन सिस्टीनच्या जागेवर सोपवलेलं आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

तुमच्या लॅबमध्ये रोज दिसणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हेच काम सीएसटीआर करतं. इंडियाना विद्यापीठातल्या डेव्हिड गिड्रॉक यांच्या गटाने त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. हे प्रथिन वेगळ्या घराण्यातलं, तांबं ओळखणाऱ्या रिप्रेसरच्या (जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनाच्या) नात्यातलं. त्यात ३१वं सिस्टीन आणि शेजारच्या उपएककातलं ६०वं सिस्टीन यांच्यात दोन, तीन किंवा चार गंधकांचे पूल होतात. घराणं वेगळं, युक्ती तीच. स्टॅफमध्ये ग्लुटाथायोन नसतं, त्याऐवजी बॅसिलिथायोल असतं, हेही लक्षात ठेवा. परीक्षक हमखास विचारतात.

पूल होऊन जनुकं चालू झाल्यावर जे बाहेर येतं ते सफाईचं पथक आहे. एसक्यूआर सल्फाइडचं पर्सल्फाइड करतं, पर्सल्फाइड डायऑक्सिजनेज ऑक्सिजन वापरून त्याचं सल्फाइट करतं आणि ऱ्होडानेज त्या सल्फाइटवर आणखी एक गंधक चढवून थायोसल्फेट बनवतं. थायोसल्फेट त्यामानाने निरुपद्रवी, ते बाहेर टाकता येतं. पर्सल्फाइड संपलं की थायोरेडॉक्सिनसारखी प्रथिनं रिप्रेसरवरचे पूल तोडतात, रिप्रेसर परत डीएनएवर बसतो आणि काम थांबतं. 'पुरे' हे त्याला असं कळतं. याच रसायनाचं मोठं रूप बघायचं असेल तर ज्या बायोगॅस टाकीत थोडी हवा सोडतात तिच्या आत बघा: भिंतीवर पिवळसर गंधकाचा थर साचतो. तो सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंचा उद्योग असतो.

ई. कोलाय या बाबतीत थोडा वेगळा आहे. त्याच्याकडे स्टॅफसारखी पूर्ण सफाई-फळी नाही. पण एसक्यूआरआरच्याच घराण्यातलं वायगाव्ही हे प्रथिन आहे. पेरॉक्साइडचा पहारेकरी म्हणून आपण शिकवतो तो ऑक्सिआर पर्सल्फाइडलाही उठतो आणि थायोरेडॉक्सिन, ग्लुटारेडॉक्सिन वाढवतो. शिवाय त्याच्याकडे दुसरी श्वासनळी आहे. ऑक्सिजनवर श्वास घेणाऱ्या त्याच्या शेवटच्या ऑक्सिडेजांपैकी सायटोक्रोम बीओथ्री सल्फाइडने लवकर बंद पडतं, पण सायटोक्रोम बीडीला तेवढा सल्फाइड काही करत नाही. त्यामुळे एक वाट बुजली तरी श्वास चालू राहतो.

ही झाली जास्त झाल्यावरची बाजू. कमी पडल्यावरची बाजू लोक विसरतात. गंधक कमी पडला की ई. कोलायमध्ये एन-ॲसिटिलसेरीन साठतं, ते सिसबी या प्रथिनाला जागं करतं आणि सल्फेट आत घेऊन सिस्टीन बनवणारी जनुकं चालू होतात. सल्फाइड आणि थायोसल्फेट त्याला उलट आवरतात. सिस्टीन पुरेसं झालं की ते सिसई या एन्झाइमला स्वतःच लगाम घालतं. सिस्टीन एवढं मोजूनमापून का ठेवायचं? कारण जास्त सिस्टीन लोहाला क्षपित करून फेंटन अभिक्रियेला, म्हणजे लोह आणि पेरॉक्साइडपासून विध्वंसक रॅडिकल बनवणाऱ्या अभिक्रियेला, जळण पुरवतं आणि डीएनएची हानी होते. जिवाणूला गंधक हवाही असतो आणि त्याचं भयही असतं, म्हणून दोन टोकांना दोन मापक.

सेमिनारसाठी इथपर्यंतचा क्रम असा ठेवा: टीएसआय थायोसल्फेटबद्दल बोलतं, पट्टी सिस्टीनबद्दल; पेशीतला मापक वायूला न मोजता पर्सल्फाइडला मोजतो; आणि मोजणी गंधकाच्या पुलाच्या लांबीवर चालते. मग अँटिबायोटिककडे वळा.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या येवगेनी नुडलर यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की हायड्रोजन सल्फाइड बनवणारी जनुकं काढून टाकली की ई. कोलाय, स्टॅफ, स्यूडोमोनास आणि बॅसिलस अँथ्रासिस हे अनेक अँटिबायोटिक्सना जास्त बळी पडतात. त्यांच्या मते हा वायू मोकळं लोह बांधून फेंटन अभिक्रिया मंदावतो. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमधले हरिनाथ चक्रपाणी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीमधले अमित सिंह यांच्या गटांनी २०१७ साली, जिवाणूच्या आत गेल्यावरच हायड्रोजन सल्फाइड सोडणारे रेणू बनवले. मूत्रमार्गातल्या बहुऔषध-प्रतिरोधक ई. कोलायवरही त्यांनी काम केलं. वायू मिळाला की जिवाणू सायटोक्रोम बीडीच्या वाटेने श्वास वळवतो आणि तग धरतो, वायूचं उत्पादन रोखलं की औषधाचा असर परत येतो, असं त्यांना दिसलं. २०२१ साली नुडलर यांच्या गटाने स्टॅफ आणि स्यूडोमोनासमधलं हे उत्पादन अडवणारे रेणू शोधून काढले.

तरी याचा सरसकट नियम करू नका. ॲसिनेटोबॅक्टर बाऊमानी स्वतः हायड्रोजन सल्फाइड बनवत नाही, आणि त्याला बाहेरून तो दिला तर अँटिबायोटिकने तो जास्त मरतो, असं २०२० साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. एका जिवाणूची ढाल दुसऱ्याचा गळफास होते. अँटिबायोटिक खरोखर फेंटनच्या वाटेने मारतात का, यावरही जाणकारांत वाद आहे. परीक्षकाने विचारलं तर दोन्ही बाजू सांगा, गुण जातील ही भीती नको.

हे स्वतः करून बघणार असाल तर काही गोष्टी मला चुका करून कळल्या आहेत. जिवाणूला सल्फाइड द्यायला वापरतात ते सोडियम हायड्रोसल्फाइडचं द्रावण आयत्या वेळी बनवा. पिवळं दिसलं तर त्यात पॉलिसल्फाइड झालंय, आणि मग तुम्ही सल्फाइडचा परिणाम बघता आहात की पॉलिसल्फाइडचा, ते सांगता येणार नाही. उघड्या नळीतून वायू मिनिटांत उडून जातो. पीएच सातच्या आसपास तो निम्मा वायूच्या, निम्मा आयनाच्या रूपात असतो, त्यामुळे माध्यम आम्ल झालं की उडणं वाढतं. सल्फाइड मोजायच्या मिथिलिन ब्लू पद्धतीत तीव्र आम्ल घालावं लागतं आणि ते प्रथिनांतल्या लोह-गंधक गुच्छांमधला सल्फाइडही मोकळा करतं. म्हणून ६७० नॅनोमीटरला आलेला आकडा 'पेशीतला मोकळा सल्फाइड' म्हणून लिहू नका. आणि मे महिन्यात आपल्याकडे खोलीच ४२-४३ अंशांवर जाते. साध्या इनक्युबेटरला गरम करता येतं, गार करता येत नाही. एका वर्षी मी पंधरा दिवस ३७ अंश समजून वाढवत होते, थर्मामीटर आत ठेवला तेव्हा तो ४१ दाखवत होता. त्या पंधरा दिवसांच्या सगळ्या पट्ट्या मी फेकून दिल्या. पहाटे लावा किंवा कूलिंग असलेला इनक्युबेटर मागून घ्या.

आता विहीर. रावेरकडच्या त्या दादांना मी सांगितलं ते असं: बाटली पाणी ओतताक्षणी काळी झाली तर पाण्यातच आधीपासून सल्फाइड आहे. रात्रभराने झाली तर विष्ठेचा संशय धरायचा. काही भूजलात सल्फेट क्षपित करणारे जिवाणू असतात, तेही काळं करू शकतात, म्हणून एमपीएनने (पाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू मोजायची नळ्यांची चाचणी) खात्री करून घ्यायची. पण खात्री होईपर्यंत पाणी शुद्ध न करता थांबायचं नाही. तुमच्या बाबतीत तर ई. कोलाय हातात आला आहे, आता संशयाला जागा नाही. तो टीएसआयवर निगेटिव्ह आला याचा पाण्याच्या सुरक्षिततेशी काहीही संबंध नाही. ग्रामपंचायतीत आजच सांगा. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, तीही विहिरीतलं पाणी मोजून. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि एक तास थांबायचं. मग पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी (ऑर्थोटॉलिडिन) टेस्ट करा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा करा. तोवर घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगा, लहान मुलांच्या घरी आधी जा. आणि विहिरीपासून शौचकूप किती अंतरावर आहे ते स्वतः चालत जाऊन बघून या.